आधणखिंड

तांबडवाडीवरून कोकणात उतरणारी जुनी बैलवाट जिथे घाटमाथा सोडते, तिथे एक खिंड आहे. सरकारी नकाशावर तिचे नाव दुसरेच काहीतरी छापले आहे, पण वाडीत ते नाव घेतले तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. इथे तिला आधणखिंड म्हणतात. खिंडीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल आहे, चुलीवर काळे पडलेले पितळी पातेले आहे, आणि चुलीपासून हातभर अंतरावर एक बसका कातळ आहे. कातळाच्या माथ्यावर पेला नीट बसेल एवढी गोल खळगी पडलेली आहे. कार्तिकी पौर्णिमेपासून होळीपर्यंत, रोज सकाळी खिंडीत धुके भरलेले असते तोवर, त्या पातेल्यात उपळसरीच्या वाळक्या मुळ्यांचा काढा उकळत असतो. वैद्य हिलाच अनंतमूळ म्हणतात. मुळी ठेचून पाण्यात टाकायची, पाणी निम्मे आटवायचे, वरून सुंठ आणि गुळाचा खडा. एवढेच.

येणाऱ्या-जाणाऱ्याला हा काढा फुकट मिळतो. मात्र पेला हातात पडण्याआधी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "वास कुठं लागला?" याचे उत्तर खरे द्यायचे. खाली फाट्यावर लागला तर फाट्यावर, अगदी चुलीपाशी आल्यावर लागला तर तसे. दुसरा प्रश्न, "मागं कुनी हाय?" याचे उत्तर मात्र ठरलेले आहे. तुम्ही एकटे आलेले असा, मागे चिटपाखरू नसो, तरी म्हणायचे, "येत्यात मागून."

सध्या चुलीपाशी ठकूबाई असतात. त्यांना वय विचारले तर, "सोयरीक जमवायची हाय का?" असे उलट विचारतात. पाठीवर सॅक लावून आलेली शहरातली मुले काढ्याला हर्बल टी म्हणाली की, "चा खाली यष्टी स्टँडावर मिळंल," असे सांगून मोकळ्या होतात. आणि दुसऱ्या प्रश्नाला कुणी "नाही, आम्ही एवढेच" असे शहाण्यासारखे खरे बोलला, तर पुढे केलेला पेला मागे घेतात आणि म्हणतात, "बसा मग. ठावं न्हाई तुमाला." मग जे सांगतात ते असे.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. घाटात डांबराचा रस्ता यायला अजून कितीतरी पिढ्या होत्या. मीठ खालून बैलांच्या पाठीवरून वर यायचे आणि वरची नाचणी-वरी त्याच बैलांवरून खाली जायची. त्या काळात तांबडवाडीत दोन बहिणी राहत. थोरली सारजा, धाकटी येसू. आईबाप एकाच पावसाळ्यात तापाने गेले तेव्हा सारजा पंधराची होती आणि येसू चारची. येसूला कोण सांभाळणार म्हणून सारजेने लग्न केले नाही, असे सांगतात. काहीजण म्हणतात, तिला कुणी मागणीच घातली नाही. ठकूबाईंना हे दुसरे म्हणणे मुळीच खपत नाही.

बहिणींचे पोट मुळ्यांवर चालायचे. उपळसरीचा वेल जमिनीलगत पसरतो, पाने लांबट, पानाच्या मधोमध पांढरी रेघ. मुळी दोरीसारखी बारीक आणि लांब. कुदळ घालून चालत नाही, खुरप्याच्या टोकाने मातीतून अलगद सोडवत न्यावी लागते. मग धुवायची, जुड्या बांधायच्या आणि चुलीवरच्या माळ्यावर, उन्हाचा कवडसासुद्धा शिवणार नाही अशा अंधारात महिनाभर टांगून ठेवायची. मुळी सावलीत वाळत जाते तसा तिचा वास मुरत जातो. दूध आटताना घरभर सुटतो तसा गोड, आणि त्याच्या तळाशी मातीचा. वास चांगला मुरला की जुडी उतरली असे म्हणायचे.

आता या धंद्याची एक खोड आहे. दहा-बारा वर्षे उपळसरी हाताळली की तेवढा एक वास नाकातून उठतो. करपलेली भाकरी कळते, भिजलेला बैल कळतो, शेजारच्या घरात सुकट भाजली तर तीही कळते, पण उपळसरी नाकाशी धरली तरी कळत नाही. वाडीत तिशीच्या पुढे कुणालाच तो वास येत नसे म्हणे, आणि त्याचे कुणाला काही वाटतही नसे. सारजेचे नाक तर पंचविशीच्या आतच गेले. पण तिचे काही अडत नव्हते, कारण घरात येसू होती. सारजेने येसूला खुरपे कधी धरू दिले नाही. सारजा माळ्यावरून जुडी काढायची, येसूच्या नाकाशी धरायची आणि विचारायची, "बघ गं, उतरली का?" येसू डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची, आणि मोठ्या वैद्याच्या थाटात सांगायची, "आजून दोन दीस." आणि दोन दिवसांनी खरोखरच जुडी उतरलेली असायची.

थंडीत सारजा खिंडीत चूल मांडून बैलवाल्यांना काढा द्यायची. खिंडीच्या खाली अर्ध्या तासाच्या उतारावर वाट फुटते. एक वाट वर खिंडीत येते आणि दुसरी कड्याच्या पोटातून रानात जाते, ती कुठेच पोचत नाही. धुक्यात दोन्ही सारख्याच दिसतात. तिथून मारलेली हाक कड्याच्या वळणात अडकते, वर ऐकू येत नाही. पण सकाळचा वारा खिंडीतून खाली वाहतो आणि आधणाचा वास सरळ फाट्यावर नेऊन सोडतो. येसूचा लहानपणीचा खेळच तो. फाट्यापर्यंत उतरायचे आणि डोळे मिटून वासामागे वर यायचे. एकदाही चुकली नाही, असे सांगतात.

येसू सतराची झाली तेव्हा सारजेने तिचे लग्न खाली बंदराकडे मिठागरांवर काम करणाऱ्या एका कुटुंबात करून दिले. मूळची घाटावरचीच माणसे होती. निघताना येसू सारजेच्या गळ्यात पडून म्हणाली, "आक्का, एकलीला मला धुक्यात फाटा कळायचा न्हाई."

"आधण ठिवीन," सारजा म्हणाली. "वास धरून ये."

पाच वर्षे तसेच चालले. मार्गशीर्षात मीठवाल्यांबरोबर निरोप यायचा, सारजा उजाडायच्या आत चुलीला लागायची, आणि धुक्यातून आधी येसूचे हसू यायचे आणि मग येसू. आठ-दहा दिवस राहायची. तेवढ्यात सारजा वर्षभराच्या जुड्या तिच्याकडून हुंगून घ्यायची. येसू वैतागायची, "मी माहेराला आले का कामाला?" पण हुंगायची.

सहाव्या वर्षी ती निरोप न देता आली. वाळलेली, हातावर डाग. सासूचे बोलणे, नवऱ्याचा हात, सगळे एका दमात सांगितले आणि म्हणाली, "मी आता जायाची न्हाई." सारजेने तिला चार दिवस ठेवून घेतले. पण ती सोयरीक सारजेनेच जमवली होती. लोक काय म्हणतील, उद्या आपण डोळे मिटले तर हिचे काय, असे सगळे तिच्या डोक्यात फिरत राहिले. पाचव्या दिवशी ती येसूला घेऊन फाट्यापर्यंत उतरली आणि म्हणाली, "आपल्या घरी नांदावं, येसू. असं रडत येत जाऊ नगंस."

येसूने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "बरं. आता आले तर हितंच थांबंन. वास आला तर समजंन, मी तुला हवी हाय. न्हाई आला तर माघारी फिरंन."

सारजा हसली. "माज्या आधणाला वास न्हाई असं कवा झालंय?"

येसू हसली नाही. ती उतारावर दिसेनाशी झाली, आणि सारजा खिंडीत परत येईपर्यंतच तिला पश्चात्ताप झाला. तसेच मागे धावावे असे वाटले, पण धावली नाही. पुढचे वर्ष तिचे कसे गेले ते तिलाच माहीत. येसूच्या अंथरुणाची वळकटी तिने कोपऱ्यातून हलवली नाही. माळ्यावरून जुडी काढली की हात आपोआप पुढे व्हायचा आणि तोंडातून निघायचे, "बघ गं." घरात कुणी नसायचे. प्रत्येक मीठवाल्याजवळ ती निरोप द्यायची, "ये म्हनावं. रडत ये, हासत ये, कशीबी ये." निरोप पोचले की नाही कुणास ठाऊक. उत्तर आले नाही.

त्या वर्षी पाऊस हलायला तयार नव्हता. आश्विनात वाडीत तापाची साथ आली. सारजेने घरोघरी काढा नेऊन पाजला आणि त्यात तिच्याच नव्हे, अख्ख्या वाडीतल्या मागच्या वर्षीच्या जुड्या संपल्या. माळा झाडलोट केल्यासारखा रिकामा झाला. कार्तिक सगळा ओलाच गेला, नवी मुळी काढता आली नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा कुठे ऊन पडले, आणि त्याच आठवड्यात एक मीठवाला दारात उभा राहिला.

"तुमची येसू भेटली व्हती," तो म्हणाला. "मालक तिचा व्हडीसंगं बुडाला, दोन म्हैनं झालं. कडंला तान्ही पोर हाय. सासरच्यांनी भायेर काढलीया. म्हनाली, आठा दिसांत निघंन. आन् म्हनाली, आक्काला इचार, आधण ठेवशील का?"

"ठेवते म्हनून सांग," सारजा घाईने म्हणाली. "आत्ताच सांग."

"मी कसा सांगू, बाई? मी तर वर देशावर निघालोय. माघारी याया म्हैना जाईल."

म्हणजे येसूला उत्तर कळवायला सारजेजवळ दुसरे काही उरले नव्हते. फाट्यावर पोचलेला वास हेच काय ते उत्तर.

ती खुरपे घेऊन रानात गेली. दोन दिवसांत टोपलीभर मुळ्या काढल्या. बोटे सोलवटली. पण मुळ्या ओल्या, आणि सावलीत वाळायला महिना हवा. हातात दिवस पाच. सारजेने आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. वाडीमागच्या तापलेल्या कातळावर मुळ्या पसरल्या. तीन दिवस उन्हात उलटल्या-पालटल्या. चौथ्या दिवशी एक मुळी मोडून पाहिली तर कट्ट आवाज झाला. रंग तोच, साल तशीच सुरकुतलेली. वाटेने शेजारचे हरबाकाका चालले होते, ते थांबले.

"सारजे, उन्हात?"

"घाई हाय, काका. येसू येतीया."

"वास ऱ्हाईल नव्हं?" काकांनी एक मुळी उचलून नाकाशी धरली, चांगली दोन-तीनदा हुंगली. साठ वर्षे मुळ्या खणलेला माणूस तो. "ऱ्हाईला असंल," म्हणाले आणि गेले.

इथे ठकूबाई थांबतात आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतोच, की सारजा सरळ फाट्यावर जाऊन का बसली नाही? ठकूबाईंना हा प्रश्न शंभर वेळा विचारून झाला आहे. त्या म्हणतात, तिच्याही मनात आले होते. पण येसू कोणत्या दिवशी येणार ते नक्की नव्हते, ती खाली उतरली की वर चूल विझणार होती, आणि येसूने आधण मागितले होते. शिवाय माझ्या आधणाला वास नाही असे होणारच नाही, ही तिची खात्री. त्या खात्रीबद्दल ठकूबाई सारजेवर रागावतात, जणू कालपरवाचीच गोष्ट आहे.

सारजेने आधण ठेवले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी धुके असे दाटले की चुलीपाशी बसून स्वतःचे गुडघे धड दिसेनात. बऱ्याच वेळाने एक घोंगडीवाला वर आला. सारजेने पेला भरता भरता विचारले, "मागं कुनी हाय?"

"येत्यात मागून," तो म्हणाला. "बाई हाय एक. कडंला पोर हाय. फाट्याखाली झऱ्यापाशी दम खात बसलीया."

सारजेने दुसरा पेला घासून पुसून घेतला, काठोकाठ भरला आणि कातळावर ठेवला. घोंगडीवाला काढा पिऊन गेला. परमुलखातला माणूस, त्याला गरम गुळाच्या पाण्यात आणि उपळसरीत फरक काय कळणार? पेला गार झाला तेव्हा सारजेने तो पातेल्यात ओतून पुन्हा गरम भरला. पुन्हा गार झाला. पुन्हा भरला. धुके विरळ झाले, ऊन आले, समोरची दरी धुतल्यासारखी दिसू लागली, आणि वाटेवर कुणी नव्हते.

ती धावत फाट्यावर गेली. ओल्या मातीत पावले उमटली होती. झऱ्याकडून फाट्यापर्यंत आलेली, फाट्यावर एकाच जागी मागे-पुढे बरीच झालेली, आणि तिथून परत खाली गेलेली. सारजेने ती पावले ओळखली. उजव्या पायाचा अंगठा आत वळलेला, लहानपणी घरावरून पडली होती तेव्हापासूनचा. ती खाली पळाली, हाका मारल्या, दिवस मावळेपर्यंत उतरत राहिली. कुणी भेटले नाही. येसू का फिरली हेही तिला समजेना. आधण तर होते.

ते दुसऱ्या दिवशी समजले. एक ओळखीचा बैलवाला वर आला, पेला तोंडाला लावला आणि म्हणाला, "आज मुळी टाकायची ऱ्हाऊन गेली काय, बाई? वासच न्हाई." सारजेने त्याच्या हातातला पेला घेतला, हुंगला, पातेल्यावर तोंड धरले, वाफेने चेहरा भाजला तरी धरून ठेवले. तिला काहीच आले नाही. पण तिला एरवीही काहीच येत नसे. तिने पातेले उचलून वाटेवर उपडे केले आणि तिथेच बसून मोठ्याने रडली, असे सांगतात. येसू फाट्यावर उभी राहिली असेल, पोर खांद्याला लावून लांब श्वास घेतला असेल, आणि तिला वाटले असेल, आक्काने चूल पेटवली नाही.

मग सारजा खाली उतरली. तीन दिवस चालून बंदर गाठले. येसूच्या सासरच्यांनी दारातूनच सांगितले, इथे आली नाही, आली तरी घेणार नाही. ती मिठागरांवर फिरली, देवळात विचारले, नावाड्यांना विचारले. पण रोज सकाळी तिची नजर घाटाकडे जायची. माथ्यावर धुके चढलेले दिसायचे. आत्ता ती तिथे उभी असली तर? परत एकदा आली असली, आणि आजही वास नसला तर? तिथल्या चौथ्या दिवशी तिने शोध अर्ध्यावर टाकला आणि घाट चढायला लागली. हे तिने बरे केले की वाईट, यावर वाडीत आजवर एकमत झालेले नाही.

पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वैद्याकडून तिने पदर पसरून सावलीत वाळलेल्या जुन्या जुड्या आणल्या आणि आधण ठेवले. त्याच दिवशी तिने शपथ घेतली म्हणे. उन्हात वाळलेली मुळी या चुलीत पडणार नाही. या वर्षाची मुळी या वर्षी वापरायची नाही, एक वर्ष माळ्यावर काढल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, म्हणजे घाईचा प्रसंगच यायला नको. आणि नाकाचा भरवसा तिला उरला नव्हता, म्हणून ती प्रत्येक वाटसरूला विचारू लागली, "वास कुठं लागला?" कुणी म्हणाला, फाटा सोडून बराच वर आल्यावर, तर ती अख्खे पातेले ओतून देऊन नवे आधण ठेवायची. बैलवाले खोटे बोलेनासे झाले. फाट्यावर आले की मुद्दाम थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि मग वर चढायचे.

दुसरा प्रश्नही ती विचारायचीच. "मागं कुनी हाय?"

"न्हाई, बाई."

"बरं," सारजा म्हणायची आणि पेला पुढे करायची.

अशी वीस-बावीस वर्षे गेली. केस पांढरे झाले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, माणूस समोर आले तरी सावली दिसावी तेवढेच दिसे. एकच पेला रोज कातळावर ठेवून ठेवून तिथे खळगी पडली. येसू आता कशी दिसत असेल, असे ती कधीकधी चुलीशीच बोलायची. पोरीचे नाव काय ठेवले असेल, तेही. त्या घाटाने जाणाऱ्या प्रत्येकाला तिची गोष्ट पाठ झाली होती, पण तिच्यासमोर कुणी काढत नसे.

एका पौषात, धुक्याच्या सकाळी, एक तरुण बाई एकटीच वर आली. डोक्यावर गाठोडे होते. चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"वास कुठं लागला?" सारजेने विचारले.

"फाट्यावर. दोन वाटा दिसल्या, तवा वासाची धरली."

सारजेचे हात काही क्षण थांबले. मग रोजच्यासारखे विचारले, "मागं कुनी हाय?"

बाईने डोक्यावरचे गाठोडे उतरवून खाली ठेवले. सारजेने मान वर केली आणि त्या सावलीकडे पाहिले.

"येत्यात मागून," ती बाई म्हणाली.

सारजा तिच्याकडे सरकली. "बाई हाय?"

"व्हय. बाईच हाय."

"कडंला पोर हाय?"

"न्हाई," ती म्हणाली. "पोर आता मोठी झाली. ती फुडं आली."

सारजेने कातळावरचा पेला उचलला. पेला घासला, पुसला, काठोकाठ भरला आणि चाचपडत कातळावरच्या खळगीत ठेवला. मग वाटेकडे तोंड करून, कातळाला पाठ टेकून बसली. "पोचला म्हनायचा वास," एवढेच म्हणाली. पेल्यातली वाफ अजून वर येत होती तोवर तिने प्राण सोडला, असे सांगतात.

ती तरुण बाई कोण होती? वाडीतले बहुतेक लोक सांगतात की ती येसूची मुलगी. येसू आदल्या वर्षी कुठल्याशा बंदरावर वारली होती, आणि मुलीच्या पदराच्या गाठीत उपळसरीचा काळा पडलेला तुकडा बांधलेला होता, येसूने आयुष्यभर जवळ ठेवलेला. ठकूबाईंचे मत वेगळे आहे. त्या म्हणतात, भाची असती तर तिला रडू फुटले असते, आईचे सगळे सांगून बसली असती. ती परकीच कुणीतरी होती. बैलवाल्यांकडून गोष्ट ऐकलेली, धुक्यात वर येता येता म्हातारीला काय सांगायचे ते ठरवत आलेली. "आन् परकी असली म्हनून काय झालं?" ठकूबाई म्हणतात. "बोलली नव्हं?" ती बाई मग खिंडीतच राहिली. उरलेला हिवाळा तिनेच आधण ठेवले, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

तेव्हापासून ही चूल कुण्या एका घराण्याची नाही. वाडीतल्या ज्या बाईला कुणाची वाट बघायची असते ती येऊन बसते, आणि तिची वाट संपली की दुसरी बसते. चूल कधी रिकामी राहिली नाही.

आजही तांबडवाडीत उपळसरीला ऊन दाखवत नाहीत. चुकून एखाद्या जुडीवर कवडसा पडला तर ती बैलांच्या आंबोणात जाते. आजही जुडी उतरली की नाही हे बघायला खुरपे न धरलेल्या लहान मुलींना बोलावतात, आणि त्या डोळे मिटून सांगतात. आजही त्या वाटेने येणारे फाट्यावर थांबून श्वास घेतात, वर येऊन पहिल्या प्रश्नाला खरे उत्तर देतात आणि दुसऱ्याला "येत्यात मागून" म्हणतात, आणि ठकूबाई त्यांना पेला देण्याआधी एक पेला कातळावर भरून ठेवतात.

ठकूबाई स्वतः कुणाची वाट बघतात हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. फक्त एखाद्या दिवशी, धुके फार दाटलेले असले, तर "येत्यात मागून" हे उत्तर मिळाल्यावरही त्या लगेच पेला देत नाहीत. चुलीतले लाकूड सारखे करतात आणि वर न बघता विचारतात, "लांब हायत का?"

त्याचे उत्तर काय द्यायचे, ते कुणी ठरवून ठेवलेले नाही.